झोपेत गेलेलं पाणी

पाणी डोळ्यांसमोरून चाललं होतं आणि दाराला कुलूप होतं.

रंगुबाई चारीच्या, म्हणजे कालव्याच्या धाकट्या फाट्याच्या, भरावावर खोऱ्याच्या दांड्यावर हात टेकून उभी होती. मंगळवार होता, सकाळचे अकरा वाजून गेले होते आणि तिची पाळी साडेदहाला लागायची होती. सहा नंबरचं दार तिचं. त्याच्या खालचं, सात नंबरचं, श्रीमंत नावाच्या शेजाऱ्याचं. पाळी चारीच्या शेपटापासून तोंडाकडे चढत येते, म्हणजे सातचं झालं की सहाचं. तो नियम रंगुबाई लग्न होऊन या गावात आली त्याच्या आधीचा. पण आज साताचं दार बंदच होत नव्हतं. कालव्याचं हिरवट पाणी तिच्या दारासमोरून खळखळत श्रीमंतच्या उसात घुसत होतं आणि तिच्या मागं लिंबाची चाळीस झाडं पानं मुडपून उभी होती.

पूर्वी दार म्हणजे लाकडाची फळी असे. उचलली की पाणी, टाकली की बंद. आता तिथं लोखंडी पेटी, पेटीत मोटर, वर सौरऊर्जेची काचेची पाटी, आणि कुणी हातानं उघडू नये म्हणून कुलूप. किल्ली चेअरमनकडे, आणि चेअरमन म्हणजे श्रीमंतच. दारं कधी उघडायची आणि कधी लावायची ते पाणीवापर संस्थेच्या खोलीतला कॉम्प्युटर ठरवायचा.

तिनं संस्थेचा सेक्रेटरी हनुमंत याला फोन लावला. पलीकडून बँडचा आवाज आला.

"रंगुकाकू, मी लग्नात हाय, श्रीगोंद्याला. लाईट गेली हुती म्हनून निघालो. आल्यावर बगतो."

"आरं, माजं दार उगडंना!"

"उगडंल की. आटोम्याटिक हाय ते."

फोन बंद झाला. रंगुबाई संस्थेच्या खोलीपर्यंत चालत गेली. दाराला कुलूप. परत आली. दुपारी उन्हानं भराव तापला तशी ती पदर डोक्यावर ओढून तिथंच बसली. उठून गेली आणि दार उघडलं तर पहिलं पाणी वाया जायचं, म्हणून जेवायलासुद्धा गेली नाही.

चारच्या पुढं साताचं दार करकरत खाली बसलं. रंगुबाई खोरं घेऊन उठली, पदर खोचला. आणि मग वरच्या अंगाला, पाच नंबरचं दार उघडल्याचा आवाज आला. सहाचं तसंच. समोरचं पाणी उतरायला लागलं. तेवढ्यात कमरेच्या पिशवीतला मोबाईल वाजला. ती सातवी शिकलेली, वाचायला तिला कुणाची गरज नव्हती.

"सहा नंबर. आपली पाळी पूर्ण झाली. धन्यवाद."

पाळी गेली त्याच्यापेक्षा त्या धन्यवादानं तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं खोरं उचललं आणि लोखंडी पेटीवर असं हाणलं, की पलीकडच्या बाभळीवरचे बगळे उडाले. पेटीला पोचा आला. कुलूप जागचं हललं नाही.

*

कॉम्प्युटर बसवला होता पंकजानं. पंकजा म्हणजे रंगुबाईच्या धाकट्या दिराची नात. पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसूनच करायची आणि संस्थेचं हे काम तिनं गावचं म्हणून फुकट करून दिलं होतं. त्या वेळी तिचा सत्कार झाला, नारळ दिला, फोटो काढले. रंगुबाईच त्या वेळी सगळ्यात पुढं बसली होती.

आता ती पंकजाच्या ओट्यावर खोऱ्यासकट चढली.

"पंके, भायेर ये. तुज्या डब्यानं माजं पानी खाल्लं."

पंकजानं सगळं ऐकून घेतलं, लॅपटॉप उघडला आणि अर्धा तास नोंदी चाळल्या. हळूहळू तिचा चेहरा उतरत गेला.

"आजी," ती म्हणाली, "चूक माझी आहे."

रंगुबाई भांडायला आली होती. समोरच्यानं पहिल्याच वाक्यात कबूल केलं तर भांडण कुठं ठेवायचं, हे तिला कळेना. त्यामुळं ती जास्तच चिडली.

"कसली चूक? नीट सांग. विंग्रजी नको."

"त्या डब्यात खरा कॉम्प्युटर एकच आहे. पण त्याच्या पोटात आणखी तीन चालतात, खोटे खोटे. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्यांना. एक दारं सांभाळतो, एक पाळीची वही सांभाळतो, एक सभासदांचे फोन-निरोप. तिघांनाही वाटतं, अख्खं यंत्र आपलंच. आणि त्यांना आळीपाळीनं खरं यंत्र वाटून देणारा एक असतो, तो हायपरवायजर. तो मी लिहिलाय."

"म्हंजी पाटकरी. पान्याच्या पाळ्या वाटून देनारा."

पंकजा थांबली. "हो. पाटकरीच."

"मंग पाटकऱ्यानं काय केलं?"

"दहा वीसला लाईट गेली. इन्व्हर्टरची बॅटरी जुनी, म्हणून हनुमंतकाकांनी डबा झोपवला. बटण दाबलं की सगळं आहे तसं थिजतं, बॅटरी वाचते. चारला दोन मिनिटं कमी असताना लाईट आली, डबा जागा झाला. पण आतल्या तिघांना कुणी सांगितलंच नव्हतं की आपण झोपणार आहोत. दारवाल्याला वाटलं, पापणी लवली एवढंच. त्याच्या घड्याळात अजून दहा वीसच. श्रीमंतकाकांची दहा मिनिटं राहिली होती, ती त्यानं इमानदारीनं दिली. वहीवाल्यानं मात्र जाग आल्याबरोबर बाहेरचं घड्याळ विचारून आपलं नीट केलं. तो म्हणाला, चार वाजले, म्हणजे सहा नंबरची पाळी झालीच असणार. मारली खूण, आणि पुढचा नंबर सांगितला पाच."

"आन् मदल्या येळात उगडं दार?"

"उघडं ते उघडंच राहिलं. पाच तास अडतीस मिनिटं."

रंगुबाईनं खोरं भिंतीला टेकवलं.

"हे तुला आदी का सुचलं न्हाई?"

"आजी, मोठे कॉम्प्युटर कुणी झोपवत नाही. पुण्यात, बेंगळुरात वर्षानुवर्षं चालू असतात ते. म्हणून झोपायचं आणि उठायचं प्रकरण मी लिहिलंच नाही."

"व्हय का! आन् तू वाडलीस कुटं? बेंगळुरात? ह्याच वट्यावर चिमनीच्या उजेडात पाडे म्हनलीस तू! लाईट जाती हे तुला म्हाईत न्हाई? गावासाठी करायचं आन् गाव इसरून करायचं? तुजा सत्कार मी डोळं भरून बगितला गं!"

पंकजाच्या डोळ्यांत पाणी आलं. रंगुबाईला ते दिसलं आणि तिनं न दिसल्यासारखं केलं. तिचा नवरा काकासाहेब बत्तीस वर्षं ह्याच चारीवर पाटकरी होता. तो जाऊन नऊ वर्षं झाली. लिंबाची झाडं त्यानं लावलेली, निवृत्तीच्या पैशांतून नव्हे, निवृत्तीच्या रिकामपणातून. शनिवारी संध्याकाळी सहाला आवर्तन संपणार होतं, वरून कालवा बंद. पुढचं आवर्तन पावसाळ्यावर. तेवढे दिवस चाळीस झाडं ह्या उन्हात जगणार नव्हती, हे सांगायला कुठला कॉम्प्युटर लागत नव्हता.

"ह्यास्नी पानी बंद करायचं आसलं तर काय करायचे, म्हाईत हाय का तुला?" ती म्हणाली. आवाज चढलेलाच होता. "वरनं हुकूम आला, की सायकल काडायची. लगीच फळी न्हाई टाकायची. शेपटापातूर जायाचं. प्रत्येक दारापाशी हाळी द्यायची, 'पानी थांबतंय, आवरा!' कुनी म्हनायचं, भाऊ, येवडा वाफा भरू द्या. मंग थांबायचे. प्रत्येकानं आपली फळी टाकली, शेवग्याच्या डहाळीवर खिळ्यानं रेघ मारली, किती झालं, किती राह्यलं, की मंग फुडं. समद्यांनी व्हय म्हनलं की मंग सायकल मागं आनून वरची मोटी फळी. आन् सुरू करायच्या वक्ताला उलटं. आदी वरची फळी. आदी हातातलं घड्याळ बगायचं, किती येळ बंद हुतं. मंग एकेकाला सांगत खाली जायाचं, 'तुजं दीड तास राह्यलं, रेघ बग.' बंद हुतं तेवडा येळ कुनाच्या पाळीत धरायचा न्हाई. बत्तीस वर्सांत येक भांडान झालं न्हाई. त्यो मानूस चवथी नापास हुता!"

पंकजा लिहून घेत होती. डोळे पुसायचे राहिलेच होते.

*

बुधवारी सकाळी मारुतीच्या मंडपात बैठक बसली. श्रीमंत पांढरी टोपी सरळ करत पायरीवर बसला होता.

"काकू, कॉम्प्युटर म्हनतो तुमची पाळी झाली. कॉम्प्युटरला खोटं बोलायचं काय कारन? त्याला काय लिंबं खायाचीत?"

दोघं-चौघं हसले.

"त्याला न्हाई खायाची," रंगुबाई म्हणाली, "पर तुजा ऊस प्याला न्हवं? आर्दा दिस तुज्या सरीतनं पानी भायेर सांडत हुतं. तुला येक डाव वाटलं न्हाई, हे दार आजून उगडं कसं?"

"मी रानात न्हवतो. लग्नात हुतो."

"सगळं गाव लग्नात, आन् म्हातारी भरावावर!"

पंकजा उभी राहिली. तिनं दारवाल्याच्या नोंदी आणि वहीवाल्याच्या नोंदी कागदावर शेजारी शेजारी छापून आणल्या होत्या. एकाच्या दिवसात पाच तास अडतीस मिनिटांचं भोक होतं, ते तिनं बोट ठेवून दाखवलं. मग हात जोडून म्हणाली, "चूक यंत्राची नाही, माझी आहे. आजींना त्यांचे तास मिळाले पाहिजेत. नाहीतर माझा सत्कार परत घ्या."

वरची रानं मोठी, त्यांच्या पाळ्या रात्रंदिवसाच्या, आणि शनिवारपर्यंतच्या सगळ्या वाटलेल्या होत्या. शेवटची, शनिवारी दुपारी बारा ते साडेपाच, एक नंबरची, तीही श्रीमंतच्या दुसऱ्या रानाची. मंडपात सगळ्यांच्या माना त्याच्याकडं वळल्या.

"माज्याच पाळीवर डोळा का सगळ्यांचा?"

"जास्तीचं कुनी प्यालं?" पाच नंबरवाला वाल्मिक म्हणाला. "हात वर करा. काकूला शनिवार द्यायचा."

हात वर झाले. श्रीमंतनं ते मोजले नाहीत, नुसती टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"देतो. पर माजी एक अट. डबा झोपला की समदी दारं लागली पायजेत. उद्या काकूच्या पाळीला लाईट गेली आन् तिचं दार उगडं राह्यलं तर? माज्यावर आळ आला, तसा तिच्यावर नको."

"लाव की!" रंगुबाई ओरडली. "झोपायच्या आदी दार लाव म्हनावं! मला फुकाटचा थेंब नको तुजा!"

ते तिनं सगळ्या गावासमोर म्हटलं, आणि तेच पुढं तिला भोवलं.

*

तीन दिवस पंकजा रंगुबाईच्या ओट्यावर बसून काम करत होती. लाईटचा भरवसा तिच्या घरापेक्षा इथं बरा होता, आणि मनात आलं की विचारता येत होतं. रंगुबाई तिला भाकरी वाढायची, बोलायची मात्र नाही. विचारलं तेवढ्याचंच उत्तर.

आता बटण दाबलं की यंत्र लगेच झोपत नव्हतं. आधी आतल्या तिघांना हाळी जायची. प्रत्येकानं आपलं आवरायचं, किती झालं ते लिहायचं, दारवाल्यानं दार लावायचं आणि मग होकार द्यायचा. तिघांचे होकार आल्याशिवाय पाटकरी वरची फळी टाकत नव्हता. शुक्रवारी पंकजानं दहा वेळा डबा झोपवला आणि उठवला. सातव्या वेळेला वहीवाला पुन्हा चुकीची वेळ सांगत उठला.

"काय झालं?" न बोलणाऱ्या रंगुबाईनं न राहवून विचारलं.

"तिघांना उठवलं, पण घड्याळ नंतर पाहिलं."

"आदी वरची फळी, आदी घड्याळ. किती डाव सांगू?"

"हो, आजी."

आठवी, नववी, दहावी वेळ नीट गेली.

*

शनिवारी बाराच्या ठोक्याला सहाचं दार उघडलं. रंगुबाईनं पहिलं पाणी ओंजळीत घेतलं नाही की हात जोडले नाहीत. सरळ आळ्यांकडे वळवलं. झाडांच्या पाच रांगा, रांगेत आठ. माती तापलेली होती, पाणी पडलं की फसफसून बुडबुडे यायचे. दुसरी रांग निम्मी झाली असताना, दोन वाजून दहा मिनिटांनी, मोबाईल वाजला.

"वीज गेली आहे. सहा नंबर थांबवत आहोत. बाकी तीन तास वीस मिनिटे."

आणि दार खाली बसलं.

पाणी समोर होतं. कालवा काही झोपला नव्हता. सगळी दारं बंद म्हणून चारीचं पाणी तिच्या दारासमोरून तसंच शेपटाकडं गेलं आणि ओढ्यात पडायला लागलं. बाभळींच्या मुळाशी, कुणाच्याही नसलेल्या जमिनीत.

पंकजा धावत आली तेव्हा रंगुबाई दारासमोर खोरं घेऊन उभी होती.

"हे शिकवलंस? माजं पानी वड्याला?"

"आजी, बैठकीत ठरलं होतं. तुम्हीच..."

"मी रागात बोलले! मानूस रागात बोलतो ते समदं लिवायचं आसतं का? आमचे हे काय करायचे? तर वरची फळी बी टाकायचे! खालची लावून वरची उगडी ठिवत न्हवते!"

पंकजानं वरच्या अंगाला पाहिलं. वरचं, कालव्याचं दार संस्थेच्या हातातच नव्हतं. ते पाटबंधारे खात्याचं. आणि खातं कुणाला हाळी देत नाही.

सव्वातीनला वीज आली. दार उघडलं. मोबाईलवर आलं, "बाकी तीन तास वीस मिनिटे." मिनिटाचीही चूक नव्हती. पण सव्वातीनात तीन तास वीस मिनिटं मिळवली की सहा पस्तीस होतात, आणि कालवा सहाला बंद होतो. ती बेरीज रंगुबाईनं पाणी वळवता वळवता केली, आणि दातावर दात ठेवून खोरं चालवलं.

सहाच्या ठोक्याला दार लागलं.

"आवर्तन समाप्त. सहा नंबर बाकी पस्तीस मिनिटे."

चार रांगा झाल्या होत्या. पाचवी, बांधाकडची, कोरडी. काकासाहेबानं सगळ्यात आधी लावलेली आठ झाडं तीच.

रंगुबाई भरावावर आली आणि तिनं चारीत पाहिलं. वरून बंद झालं होतं, तरी चारी अजून निम्मी भरलेली होती. चार किलोमीटर लांबीतलं पाणी अजून खाली यायचंच होतं. श्रीमंत आणि हनुमंत भरावानं चालत येत होते, आवर्तन संपलं की दारं तपासायची असतात म्हणून. श्रीमंतच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता.

"कुलूप काड," रंगुबाई म्हणाली.

"काकू, आवर्तन संपलं. डब्यानं सांगितलं न्हवं?"

"डब्याला काय म्हाईत? चारीत हाय ते मागचं पानी. वरनं तोडल्यावर जे मागं राहतं, ते ज्याची पाळी तुटली त्याचं. ह्या चारीचा नेम हाय. तुज्या बापाला दोन डाव मिळालंय ते पानी. आमच्या ह्यांनीच दिलंय, कंदील धरून. इचार बापाला, जित्ता हाय आजून."

श्रीमंत हनुमंतकडं बघायला लागला. हनुमंत चारीकडं.

"यंत्रात तसं न्हाई काकू," श्रीमंत म्हणाला. "उद्या समदेच म्हनतील."

"समद्यांची पाळी तुटली का? माजी तुटली. दोनदा. येकदा तुज्या सरीत, येकदा वड्यात. यंत्रच सांगतंय, पस्तीस मिंटं राह्यली. तुजा कॉम्प्युटर खोटं बोलत न्हाई ना? मंग दे पस्तीस मिंटं! का म्हातारीनं फोडायचं कुलूप?"

तिनं खोरं उचललं. मंगळवारचा पोचा पेटीवर होताच. श्रीमंत त्या पोच्याकडं बघत राहिला. पाणी तोवर बोटभर उतरलं होतं.

"श्रीमंतकाका," पंकजा म्हणाली, "पाणी थांबत नाहीये."

त्यानं किल्ली काढली. कुलूप गंजलेलं, दोनदा फिरवावी लागली. हनुमंतनं हँडल मारून दार वर घेतलं. पाणी सुस्त होतं, गढूळ, पाचोळा घेऊन आलेलं, पण आलं. रंगुबाईनं कुणाकडं पाहिलं नाही. पाट वळवला आणि पाचव्या रांगेच्या पहिल्या आळ्यात सोडला.

हनुमंत मनगटावरचं घड्याळ बघत उभा राहिला. श्रीमंत जायला निघाला, तसं रंगुबाईनं पाठमोरीच हाक मारली.

"किल्ली खिळ्याला लाव. हापिसात, समद्यांना दिसंल तिथं. ह्यांची फळी उचलायची पहार तिथंच टांगलेली आसायची."

तो क्षणभर थांबला आणि गेला. किल्लीचं पुढं काय झालं त्याची बैठक वेगळी झाली.

पस्तीस मिनिटं पुरली नाहीत. पाणी आधीच आटलं. सातवं आळं अर्धं भरलं आणि आठव्यापर्यंत नुसती ओल गेली. रंगुबाईनं पाटातला चिखल खोऱ्यानं उचलून त्या आठव्या झाडाच्या बुंध्याशी आणून टाकला. एकदा, दोनदा, चारदा. तिला दम लागला होता.

पंकजा भरावावर मांडी घालून बसली होती, लॅपटॉप मांडीवर.

"काय लिवतीस?"

"मागचं पाणी. ज्याची पाळी तुटली, त्याचं."

"आन् वरचं दार?"

"ते आपलं नाही, आजी."

"मंग खात्याला चिठ्ठी लिव. माज्या नावानं. बंद करायच्या आदी सांगा म्हनावं. सई मी करते." रंगुबाईनं चिखलाचं पाचवं खोरं भरलं. "आन् उट तितनं. दुसरं खोरं घराच्या मागं हाय, ते आन. नुसतं लिवून झाड जगत न्हाई."

पंकजानं लॅपटॉप मिटला आणि घराकडं पळाली.